शनिवारचं कोरियन जेवण

गेर्लिंगेन,
एप्रिल २००७

प्रिय सुकन्या,

माझ्या अक्षरातलं पाकीट पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, घरी सगळं ठीक आहे. काकूचा गुडघा दुखतो, पण ते नेहमीचंच. फोन करता आला असता, पण आमचा फोन बैठकीच्या खोलीत, तिच्या खुर्चीशेजारी आहे. शिवाय फोनवर मी किती बोलतो ते तुला माहीत आहे. "हं, बरी आहेस ना, देतो काकूला" याच्या पुढे माझी गाडी जात नाही. आज ऑफिसमधून जरा लवकर निघालो आणि इथल्या बेकरीत कोपऱ्यातल्या टेबलाशी लिहायला बसलो आहे. मराठीत एवढं मोठं काही लिहून फार वर्षं झाली. वडील होते तोवर त्यांना लिहायचो. चुका दिसल्या तर सोडून दे. हे तुला शनिवारच्या आत मिळायला हवं, म्हणून आजच्या टपालातच टाकायचं आहे.

आपल्या कोरियन जागेतलं शनिवारचं टेबल काकूने परवाच फोन करून राखून ठेवलं. खाली गादीवर बसायचं ते, खिडकीजवळचं. गुडघा दुखतो तर खुर्चीवर बसू या म्हटलं, तर म्हणाली, "अहो, तिथे जाऊन खुर्चीवर बसायचं तर घरीच काय वाईट?" या वेळी तिला तुझ्याशी काही बोलायचं आहे. तुझं शिक्षण या उन्हाळ्यात संपतंय. त्यानंतर तू गेर्लिंगेनला आमच्या घरी राहायला यावंस, नोकरी इकडेच पाहावीस, असं ती तुला विचारणार आहे. विचारणार म्हणजे तिचं ठरलंच आहे. ते तुझ्या कानावर अचानक पडू नये एवढ्यासाठी लिहितो आहे असं आधी मला वाटत होतं. पण लिहायला बसल्यावर दुसरंच आठवायला लागलं.

आपण पहिल्यांदा भेटलो तो दिवस मला अलीकडे फार आठवतो. मुलगी दाखवायची तर घरी आणावी, नाहीतर निदान एखाद्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये भेटवावी, असं काकूचं म्हणणं होतं. गौरांग ऐकेना. तो मला जर्मनमध्ये म्हणाला, घरी आणली तर आई तिची परीक्षा घेईल, इंडियन रेस्टॉरंटमध्ये नेली तर आई आचाऱ्याची परीक्षा घेईल, कोरियन जेवणातलं कोणालाच काही कळत नाही, तिथे सगळे सारखे. त्याच्या इन्स्टिट्यूटमधल्या कोरियन मित्राने त्याला श्टुटगार्टची ती जागा दाखवली होती. तिथल्या मालकीणबाई फ्राऊ युन तेव्हा आपल्याला कोणीच नव्हत्या. एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई दारात उभी राहिली आणि तिने आपल्या पायांकडे बोट दाखवलं. चपला काढायच्या. काकूचं अर्धं मत तिथेच पालटलं. जर्मनीत इतकी वर्षं राहिलो, पण बाहेर जेवायला जाऊन चपला काढायची वेळ कधी आली नव्हती.

मग त्यांनी स्टीलच्या वाट्या मांडल्या. भाताची झाकणाची वाटी, लांब दांड्याचा चमचा, जेवायच्या सपाट काड्या, सगळं स्टीलचं. "अहो, ही तर आपलीच भांडी," काकू मला म्हणाली. आणि आपण काही मागवायच्या आत बशा यायला लागल्या. आंबट-तिखट लाल कोबी, मुळ्याच्या फोडी, मोडाची उसळ वाटावी असं काहीतरी, तीळ घातलेला पालक, सुकवलेली बारीक मासळी. टेबल भरलं तरी बशा थांबेनात. यांचा काहीतरी घोटाळा झालाय, परत न्यायला सांगा, असं काकू माझ्या कानात म्हणाली. तोवर तू मान खाली घालून बसली होतीस. तेव्हा तू पहिल्यांदा बोललीस, "काकू, ही त्यांची डावी बाजू आहे. वेगळी मागवावी लागत नाही, संपली की परत वाढतात." काकूने तुझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "एवढी डावी बाजू? मग उजवी कधी येणार?" गौरांगला त्यातलं काही कळलं नाही. आमच्या घरात ताट असं कधी वाढलंच गेलं नव्हतं. आपण तिघं हसलो आणि तो जर्मनमध्ये विचारत राहिला, काय झालं, काय झालं.

उजवी बाजू आली ती टेबलाच्या मध्ये शेगडीवर उकळत. कोळंबी, मासे, टोफू आणि तिखट रस्सा. गौरांगने आपला चमचा सरळ त्या पातेल्यात घातला, खाल्लं, आणि पुन्हा तोच चमचा घातला. काकू ओरडलीच, "अरे, उष्टं!" तो शब्द त्याला लहानपणापासून पाठ होता. तो म्हणाला, इथे असंच जेवतात, सगळ्यांनी एका पातेल्यातून, एका घरातले असले की असंच. त्यावर काकू म्हणाली, "एका घरातले अजून झालोय कुठे?" तुझा चेहरा लाल झाला. काकूने फ्राऊ युन यांच्याकडून पळी आणि वेगळ्या वाट्या मागून घेतल्या आणि सगळ्यांना स्वतः वाढलं. तुला वाढताना तिने कोळंब्या शोधून घातल्या, हे मी पाहिलं होतं. घरी येताना गाडीत मी तिला तसं म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही गाडी चालवा."

निघायच्या आधी गौरांग मला म्हणाला, "बाबा, तुम्ही अजून थोडा भात घ्या." वाक्य शिकवलेलं होतं, ते कळत होतं. 'घ्या' म्हणताना त्याने तुझ्याकडे पाहिलं, बरोबर आहे ना असं. आमच्या घरात आम्ही मराठीत विचारायचं आणि त्याने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, हे तो बालवाडीत गेला तेव्हापासून चाललेलं. माझ्याशी मराठीत तो असं पूर्ण वाक्य बोलल्याचं मला आठवत नव्हतं. माझं पोट भरलं होतं, तरी भात घेतला.

पुढच्या वर्षीच्या जुलैबद्दल मला लिहायचं नाही. तो मित्रांबरोबर कार्ल्सरूहेजवळच्या त्या तळ्यात, खडी काढून झाल्यावर पाणी भरलेल्या खाणीत, पोहायला गेला आणि वर आला नाही. त्या दिवसातली एकच गोष्ट लिहितो. आम्ही हॉस्पिटलला पोचलो तेव्हा तू बाहेर बाकावर बसली होतीस. तू नातेवाईक आहेस का असं तुला कोणीतरी विचारलं होतं आणि तू नाही म्हणाली होतीस. खरंच होतं ते. साखरपुडा डिसेंबरमध्ये पुण्याला करायचा ठरलं होतं. मी तुला हाताला धरून आत नेलं आणि दारातल्या बाईंना सांगितलं, ही आमची सून आहे. तो शब्द आधी मी वापरला. त्या वेळी दुसरा कुठलाही शब्द त्या दारातून आत जाऊ शकत नव्हता. तो वापरला याचं मला आजही वाईट वाटत नाही.

नाशिकला अस्थी सोडून आम्ही परत आलो तेव्हा काकू जेवत नव्हती. चहा आणि एखादं बिस्किट, बस. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या ती ड्रॉवरमध्ये ठेवायची. शेजारच्या बाई सूप आणून द्यायच्या, ते मी प्यायचो. मग एका शनिवारी तू गाडीने आलीस आणि तिला म्हणालीस, "काकू, चला, त्याच्या जागी जाऊ." ती मुकाट्याने उठली आणि साडी बदलून आली. मी इतके दिवस विनवण्या करत होतो, त्याचा उपयोग झाला नव्हता.

फ्राऊ युन यांनी चार पानं मांडली. मांडून झाल्यावर त्यांनी दाराकडे पाहिलं, तो गाडी लावून येत असेल असं त्यांना वाटलं. तू त्यांना जर्मनमध्ये सांगितलंस. चौथी वाटी, चमचा आणि काड्या त्यांनी उचलल्या आणि स्टीलचा आवाज होऊ नये म्हणून एप्रनमध्ये गुंडाळून आत नेल्या. आपण काही मागवलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतः एक वाडगा आणून काकूसमोर ठेवला. तांदळाची मऊ पेज, वर तिळाच्या तेलाचे थेंब. काकूने चमच्याने ढवळून पाहिलं आणि म्हणाली, "ही पेज आहे." मालवणला तिच्या घरी आजाऱ्याला द्यायचे तशी. तिने सगळी खाल्ली. फ्राऊ युन स्वयंपाकघराच्या पडद्याशी उभ्या होत्या. तरुणपणी त्या नर्स म्हणून जर्मनीत आल्या होत्या, हे आपल्याला नंतर कळलं.

तेव्हापासून दर महिन्याचा एक शनिवार ठरून गेला. तुझं कार्ल्सरूहेचं घर, परीक्षा, ती सुपरमार्केटमधली नोकरी, यातून वेळ काढून तू येत राहिलीस. आणि जेवताना तू आम्हाला गौरांग सांगायचीस. आमच्या घरात कधी भांडं न विसळलेला मुलगा होस्टेलमध्ये ओट्सचे पोहे करतो, त्यात मोहरी जाळतो आणि धुराची घंटा वाजून सगळं होस्टेल खाली रस्त्यावर येतं, हे आम्हाला कसं कळणार होतं? तो दोन्ही हात सोडून सायकल चालवायचा, हेही तूच सांगितलंस. काकूने तेव्हा कपाळावर हात मारून घेतला, जणू तो अजून पडायचा आहे. त्या शनिवारांवर आम्ही जगलो असं म्हटलं तर ते फार वाढवून सांगणं होणार नाही.

एकदा फ्राऊ युन काकूला म्हणाल्या, तुमची सून चांगली आहे, माझी फ्रँकफुर्टहून वर्षातून एकदा येते. काकू जर्मनमध्ये म्हणाली, "या, गेनाऊ," हो, अगदी बरोबर. तेवढंच. तू पाण्याचा ग्लास भरत होतीस. भरून झाला तरी तू थोडा वेळ वर पाहिलं नाहीस. दुरुस्त करायचं तर ते मी करायला हवं होतं, पण त्या क्षणी काकूच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्यानंतर फ्राऊ युन पातेलं आणलं की पळी काकूला न देता तुझ्या हातात द्यायला लागल्या. त्यांच्या पद्धतीने घरातल्या सुनेने वाढायचं, मोठ्यांनी पहिला घास घेतल्यावर तिने खायचं. पहिल्यांदा तू पळी काकूपुढे धरलीस. तिने ती हळूच तुझ्याकडे परत सरकवली. तेव्हापासून तू वाढतेस. तुझं सगळ्यात शेवटी. कधी कधी तुझ्यासाठी नुसता रस्सा उरतो.

गेल्या काही महिन्यांत गोष्टी परत यायला लागल्या आहेत. मोहरी जळल्याची गोष्ट तू आता त्याच शब्दांत सांगतेस. त्यात तुझं काही चुकत नाही. तुमचा सहवास होता केवढा, त्यातलं किती पुरणार? काकूला ते कळत नाही असंही नाही. मागे एकदा तू धुराच्या घंटेआधी तो खिडकी उघडायला धावला हे सांगायचं विसरलीस, तर तिने मध्येच थांबवून विचारलं, "आणि खिडकी?" गोष्ट पाठ असलेली लहान मुलं थांबवतात तसं. तू म्हणालीस, "हो, खिडकी," आणि पुन्हा मागून सुरुवात केलीस.

आता घरची बातमी. गौरांगची खोली काकूने या हिवाळ्यात रिकामी केली. इतके दिवस मला त्या कपाटाला हात लावू देत नव्हती. आपण होऊन तिने कपडे पिशव्यांत भरले आणि रेड क्रॉसच्या पेटीत टाकून आली. मला फार हलकं वाटलं. वाटलं, आता ती सावरतेय. आम्ही दोघांनी मिळून भिंती रंगवल्या. रंगवताना ती माझ्यावर ओरडली, "अहो, कोपरे कोण करणार, तुमचे साहेब?" तेही फार दिवसांनी. मग ती पडदे घेऊन आली आणि मला विचारलं, "सुकन्याला पिवळा आवडतो ना?" मी शिडीवर होतो. तिथेच थांबलो.

त्यानंतर नवी गादी आली. माझ्या कंपनीत नव्या इंजिनियरांच्या जागा निघाल्या की जाहिरात छापून आणायची, असं मला सांगून ठेवलंय. गेल्या आठवड्यात तिने लॉकरमधून तिच्या आईच्या पाटल्या काढून आणल्या. त्या ती शनिवारी बरोबर घेणार आहे. मी म्हटलं, अगं शोभना, तिला काही विचारलंस का, तिच्या घरच्यांचं काय म्हणणं आहे. ती म्हणाली, "ती नाही म्हणणार नाही." सुकन्या, ती बरोबर बोलते आहे. तू नाही म्हणणार नाहीस. तू पाटल्या हातात घालशील, पळी घेशील आणि वाढायला लागशील.

आता मार्चमधलं सांगतो. जेवण अर्ध्यावर आलं होतं. तुझा मोबाइल वाजला, तू नाव पाहिलंस आणि "आलेच" म्हणून उठलीस. घाईत तू माझेच बूट पायांत सरकवून बाहेर गेलीस. काकूची पाठ खिडकीकडे होती, माझं तोंड. तू फुटपाथवर उभी होतीस. पलीकडून कोणीतरी काही बोललं असेल, आणि तू हसलीस. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. मग इतकी हसलीस की शेजारच्या गाडीला हात टेकून वाकलीस. कुत्रा फिरवणारे एक गृहस्थ तुझ्याकडे पाहून स्वतःही हसत पुढे गेले. तुझं असं हसणं मी पाहिलं नव्हतं. गौरांग म्हणायचा, ती हसायला लागली की तिला उभं राहता येत नाही. मला वाटायचं तो वाढवून सांगतो.

मग तू फोन बंद केलास आणि दाराशी आलीस. लगेच आत आली नाहीस. काचेच्या पलीकडे थांबलीस, दोन्ही तळव्यांनी चेहरा पुसलास, खांदे सरळ केलेस, श्वास घेतलास. ओठ मिटलेस. आणि मग आत आलीस तेव्हा तुझा चेहरा आमच्यासाठी तयार होता. बूट जागेवर नीट जोडून ठेवलेस. काकूने विचारलं, "कोण गं?" तू म्हणालीस, "कोणी नाही, कॉलेजमधलं." ती म्हणाली, "बस, निवतंय सगळं," आणि तू बसलीस.

फोनवर कोण होतं हे मी विचारत नाही. मैत्रीण असेल, भाऊ असेल, कोणीही असो. मला ते कळायला नको. मी एवढंच पाहिलं की आमच्या टेबलाशी येण्याआधी तुला हसू बाहेर ठेवून यावं लागतं. किती महिने ठेवत आली असशील कोण जाणे. गौरांग असता तर त्याने हे मला चालू दिलं नसतं. त्याने मला जर्मनमध्ये चांगलं सुनावलं असतं.

म्हणून हे पत्र. शनिवारी येऊ नकोस. पुढच्या महिन्यातही नको, आणि त्याच्या पुढच्याही. काकूला मी खोटं सांगणार नाही. तुला ताप आहे म्हटलं तर ती पेजेचा डबा घेऊन कार्ल्सरूहेला येईल. मी तिला सांगेन की सुकन्याला येऊ नकोस असं मी कळवलं. ती चिडेल, रडेल, बहुधा बरेच दिवस माझ्याशी बोलणार नाही. तुझ्यावर रागवायला तिला जमायचं नाही, माझ्यावर जमेल, आणि तो राग तिला कुठेतरी करता आला पाहिजे. ती तुला फोन करेल. उचलू नकोस. तुला ते कठीण जाईल हे मला माहीत आहे, पण एकदा उचललास की तू शनिवारी येशील. तुझं आमच्याकडे काही राहिलेलं नाही, तू काही सोडून जात नाहीस, असं मी कोणी विचारलं तर सांगेन. पिवळे पडदे मी उतरवीन किंवा राहू देईन, ते आमचं आम्ही पाहू. शिक्षण पूर्ण कर. नोकरी म्युनिकला मिळो, पुण्याला मिळो, जिथे मिळेल तिथे जा. लग्न करशील तेव्हा आम्हाला पत्रिका पाठवायची का, असा विचार करत बसू नकोस. फक्त एक कर. जिथे जाशील तिथला पत्ता मला कळवू नकोस. मला माहीत असला तर शोभना कधीतरी विचारेल, आणि तिने विचारलं तर मी सांगून टाकीन.

कायम तुझ्या बाजूचा,
जयंतकाका